भंगारातला रंधा

लाकडाची एखादी वखार बंद पडते तेव्हा तिथल्या यंत्रांचे काय होते? मोटारी आधी विकल्या जातात, कारण त्यांतल्या तांब्याला किंमत असते. उरलेले बिडाचे सांगाडे भंगारवाला किलोच्या भावाने उचलतो, घणाने फोडतो आणि तुकडे ओतशाळेच्या भट्टीकडे जातात. बीड ठिसूळ असते, त्यामुळे दोन-तीन पिढ्या चाललेले यंत्र दोन माणसे एका दुपारीत संपवू शकतात.

२०२१ च्या पावसाळ्यात अशाच एका वखारीच्या मागच्या अंगणात, गवतात निम्मे बुडालेले एक रंधा-यंत्र आम्हाला दिसले. आम्ही म्हणजे तिघे. दोघे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, तिसरे एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. आमच्यापैकी एकाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. सुट्टीत तिथे आम्ही शाळेसाठी उताराच्या फळ्या, लोलकाचे स्टँड, तरफा असली साधने बनवतो. उताराची फळी सरळ नसेल तर तिच्यावरून घरंगळणाऱ्या गोळीचे त्वरण कसे मोजणार? फळ्या सरळ करून आणण्यात आमचा निम्मा वेळ जात असे. म्हणून भंगाराच्याच भावाने, वजनकाट्यावर ३१० किलो भरलेले ते धूड आम्ही टेम्पोत घालून आणले. कंपनीच्या नावाची पाटी कोणीतरी पितळेसाठी आधीच काढून नेली होती.

हे यंत्र म्हणजे उलटा रंधा. सुतार हातरंधा लाकडावरून चालवतो. इथे रंधा जागेवर राहतो आणि लाकूड त्याच्यावरून सरकते. बिडाची दोन लांब टेबले एकापुढे एक असतात. त्यांच्यामधल्या फटीत एक आडवा ठोकळा गरगर फिरतो. याला कारागीर कटर ब्लॉक म्हणतात. त्यात धारदार पाती बसवलेली असतात. पलीकडचे टेबल पात्यांच्या टोकांच्या बरोबर पातळीत, अलीकडचे जेवढे लाकूड काढायचे तेवढे खाली. बस, एवढेच. फळी सरळ होते ती पात्यांमुळे नव्हे, टेबले सरळ असल्यामुळे. हे लक्षात आले की जुने यंत्र घेताना काय पाहायचे हेही कळते. रंग, चकाकी, मोटार यांना महत्त्व नाही. टेबले आणि सांगाडा शाबूत आहेत का, एवढाच खरा प्रश्न.

फिरत्या पात्यांनी लाकूड रंधण्याची कल्पना जुनी आहे. सॅम्युअल बेंथम या इंग्रज अभियंत्याने १७९० च्या दशकात लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. पुढे त्याच्याच प्रोत्साहनाने पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवणारी यंत्रे बसली. आराखडे मार्क ब्रुनेलचे, यंत्रे घडवली हेन्री मॉडस्लेने. लाकडी सांगाड्यांऐवजी संपूर्ण धातूची असल्याने ती इतकी टिकली, की त्यांतली काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती.

धातूचा सांगाडा टिकतो, पण बीडच का? पोलादात कार्बन बहुधा एक टक्क्याच्या खाली असतो, बिडात सुमारे तीन टक्के. ओतलेला रस थंड होताना त्यातला बराच कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. पेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट. मोडलेल्या बिडाचा पृष्ठभाग करडा दिसतो तो यामुळेच. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या अंगात जन्मतःच असलेल्या असंख्य बारीक भेगा. म्हणून बीड ओढले किंवा ठोकले की मोडते, पण दाब मात्र ओढीच्या तीन-चार पट सोसते. पापुद्र्यांचा आणखी एक गुण यंत्रांना फार उपयोगी पडतो. ते कंपने जिरवतात. पोलादाची आणि बिडाची कांब दोऱ्याने टांगून हातोडीने टिचकी मारून पाहा. पोलाद घंटेसारखे वाजत राहते, बीड लवकर गप्प बसते. पाती फिरत असताना टेबल थरथरले तर फळीवर लाटा उमटतात. त्या थरथरीला बिडाचे ते ३१० किलो गिळून टाकतात.

जुन्या बिडाचा एक फायदा नव्यालाही नसतो. ओतकाम थंड होताना जाड भाग सावकाश आणि पातळ भाग लवकर आकसतो. त्यामुळे आत ताण राहून जातात आणि पुढे कित्येक महिने ते ओतकामाला हळूहळू वाकवत राहतात. पूर्वीचे चांगले कारखानदार म्हणूनच ओतलेले भाग उघड्यावर, उन्हापावसात टाकून ठेवत आणि मग तासत. आमच्या टेबलांना जे काही वाकायचे होते ते केव्हाच वाकून झाले होते.

सगळे सुटे करण्याआधी आम्ही मोबाइलवर प्रत्येक जोडाचे फोटो काढले. (हे केले नसते तर आजही एक खोके भरून चकत्या उरल्या असत्या.) गंजाने एकजीव झालेले नट रॉकेल आणि वंगणतेल यांच्या मिश्रणात रात्रभर भिजवून, थोडे तापवून सोडवले. जुना रंग खरवडताना तो ओला करून खरवडला. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी. कोरडा घासला तर त्याची धूळ आपल्या फुप्फुसांत जाते, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या पोटात. खरवड ओल्या कागदात गुंडाळून वेगळी ठेवली.

आता तड्यांचा शोध. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. फुटके मडके बद्द वाजते. बिडाचेही तसेच आहे, पण बारीक तडा आवाजात कळत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल फासायचे, अर्धा तास थांबायचे, मग कापडाने अगदी कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड भुरभुरायची. तड्यात केशाकर्षणाने शिरलेले रॉकेल तशाच ओढीने खडूच्या पुडीत वर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पूर्वी रेल्वेच्या कार्यशाळांत याच रीतीने तेल आणि खडू वापरून भाग तपासत. आज विमानांच्या भागांसाठी रंगीत किंवा चमकणारे द्रव वापरतात, तत्त्व तेच. फुटक्या बशीवर हा प्रयोग वर्गात सहज करता येतो.

आमच्या खडूवर एकच रेघ उमटली, पण नको त्या जागी. कटर ब्लॉकचा शाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांतल्या एकाच्या टोपीवर, बोल्टच्या भोकापासून निघालेली पाऊण इंचाची रेघ. टोपी निघाली तर फिरता ब्लॉक जागेवर राहणार नाही. बिडाला वेल्डिंग करता येते, पण भाग आधी नीट तापवावा लागतो आणि नंतर सावकाश थंड करावा लागतो; नाहीतर जोडाशेजारी कठीण, काचेसारखा ठिसूळ थर तयार होऊन तिथेच नवा तडा जातो. आम्ही टोपी नवी ओतून घेतली. जुनीच टोपी साचा म्हणून द्यावी असे आम्हा दोघा शिक्षकांना वाटले होते. फिटर हसले. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणजे टोपी तेवढी लहान आली असती, शिवाय तासायला माल उरला नसता. साचे बनवणाऱ्या सुतारांकडे यासाठी वेगळी मोजपट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा तेवढाच मोठा असतो. खोटे माप दाखवून खरे माप मिळवणारी ती पट्टी आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

टेबलांवर गंजाचा पाव इंचाचा पापुद्रा होता. पण घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पापुद्रा जाड दिसला तरी आत गेलेले लोखंड थोडेच असते. तो काढायचा कसा? ग्राइंडर गंजाबरोबर चांगले बीडही खातो आणि टेबलाला खळगे पाडतो. आम्लही गंज संपला की लोखंडाकडे वळते. आम्हाला गंज तेवढा जावा आणि लोखंड कणभरही जाऊ नये असा मार्ग हवा होता. तो दहावीच्या पुस्तकात आहे: विद्युत अपघटन.

प्लास्टिकचा मोठा टब, पाणी, दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग मधोमध टांगून १२ व्होल्टच्या बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा. टबाच्या चारी बाजूंना साध्या लोखंडी सळया उभ्या करून त्या एकमेकींना आणि धन टोकाला. सळया आणि भाग यांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. (हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय प्रवाहच सोडत नाहीत, जुना साधा चार्जर शोधावा.) प्रवाह सुरू झाला की भागावरून बुडबुडे उठू लागतात. हा हायड्रोजन. तो गंजाचा थर आतून सैल करतो, आणि ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन मिळत असल्याने गंजाच्या काही भागाचे काळ्या, भुसभुशीत ऑक्साइडात रूपांतर होते. लोखंड विरघळायचे तर त्याने इलेक्ट्रॉन गमवायला हवेत. इथे त्याला ते सतत पुरवले जातात. म्हणून चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही आणि टब रात्रभर विसरलात तरी बिघडत नाही.

हायड्रोजन किती सुटतो याचा हिशेब विद्यार्थ्यांना घालण्यासारखा आहे. २ अँपिअर प्रवाह १२ तास, म्हणजे ८६,४०० कूलोम. एक मोल हायड्रोजन वायूसाठी सुमारे १,९३,००० कूलोम लागतात. म्हणजे ०.४५ मोल, खोलीच्या तापमानाला साधारण ११ लिटर. बंद खोलीत, ठिणगीजवळ, हे ११ लिटर धोक्याचे आहेत. टब उघड्यावरच ठेवावा आणि तारा हलवण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करावे. आणखी दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. सोड्याऐवजी मीठ घालू नये. धनाग्रावर क्लोरीन सुटतो. आणि धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातले क्रोमियम पाण्यात अत्यंत विषारी रूपात उतरू शकते.

एकदा आमच्याच हातून तारा उलट्या लागल्या. ३ अँपिअरवर अर्धा तास एक चांगली पुली धनाग्र होऊन बसली होती. फॅरेडेच्या नियमाने जास्तीत जास्त दीड ग्रॅम लोखंड गेले असेल. नुकसान काही नाही, पण विज्ञान शिक्षकांनी ही चूक केली हे फिटर अजून विसरलेले नाहीत.

टबातून निघालेला भाग काळा असतो. नारळाच्या काथ्याने आणि तारेच्या ब्रशने घासला की खाली करडे बीड दिसते. तेव्हा चहाला जायचे नाही. उघडे, ओले लोखंड पंधरा मिनिटांत तांबूस होते, पावसाळ्यात त्याहून लवकर. लगेच कोरडे करून, थोडे तापवून आम्ही टेबलांना मेण चोळले. तेल लावले तर ते फळीला डाग पाडते. टेबलांवर गंजाने खाल्लेले खड्डे राहिले आहेत, देवीच्या व्रणांसारखे. ते तसेच असू द्यावेत. फळी खड्ड्यांवर टेकत नाही, खड्ड्यांच्या मधल्या भागावर टेकते.

मग टेबल सरळ आहे की नाही हे कसे ठरवायचे? सरळ पट्टी ठेवून. पट्टी सरळ आहे हे कशावरून? इथे प्रश्न मजेदार होतो. कागदावर पट्टी ठेवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. मग पट्टी उलटी करा, म्हणजे तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने येईल, आणि त्याच दोन टोकांतून पुन्हा रेघ मारा. पट्टी सरळ असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतील. नसेल तर मध्ये बारीक डोळ्यासारखी जागा उरेल, आणि तिची रुंदी पट्टीच्या चुकीच्या दुप्पट असेल. वर्गातल्या साऱ्या पट्ट्या अशा तपासून पाहा, निम्म्या नापास होतील. सपाट पृष्ठभागांसाठी हीच युक्ती तीन पाट्या घेऊन करतात. दोनच पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही जुळू शकते. तिसरी आली की ही लबाडी चालत नाही. तिन्ही एकमेकींशी जुळायच्या तर तिन्ही सपाटच असाव्या लागतात. मॉडस्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ही रीत शास्त्रज्ञांपुढे मांडली. आमची टेबले मधोमध केसाच्या जाडीइतकी झिजलेली निघाली, म्हणजे लाकूडकामाला उत्तम. त्यांना हात लावला नाही.

वाद झाला तो कटर ब्लॉकवरून.

आमच्या यंत्राचा ब्लॉक चौकोनी होता. चार बाजूंचा पोलादी ठोकळा, समोरासमोरच्या दोन बाजूंवर पाती बोल्टने आवळलेली. फिटरना तो तसाच हवा होता. यंत्र जसे बनले तसेच ठेवायचे, त्यातच त्याचा मान, असे त्यांचे म्हणणे. आम्हालाही ते पटले होते. त्याच आठवड्यात, वखारीत तीस वर्षे काम केलेले मिस्त्री आपले जुने यंत्र बघायला आले. त्यांनी ब्लॉककडे पाहिले आणि उजवा हात पुढे केला. तर्जनी आणि मधले बोट पहिल्या पेरापाशी संपलेले.

“गुरुजी, हा ठोकळा लावणार असाल तर मला पहिल्या फळीला बोलवू नका,” ते म्हणाले. “आणि पोरांना तर मुळीच नको.”

यात भूमिती आहे. कोपऱ्यांपाशी ब्लॉकचा व्यास १०० मि.मी. धरा, म्हणजे केंद्रापासून कोपरा ५० मि.मी. दूर. चौरसाच्या बाजूचा मध्य मात्र केंद्रापासून सुमारे ३५ मि.मी.वरच असतो. म्हणजे ब्लॉक फिरताना प्रत्येक सपाट बाजूसमोर १५ मि.मी. खोल खाच तयार होते. घसरलेले बोट त्या खाचेत उतरते आणि मागून येणारा कोपरा त्याला आत ओढतो. गोल ब्लॉकमध्ये पाते पृष्ठभागाच्या वर फक्त एक-दोन मि.मी. असते. बोट लागले तर इजा होतेच, पण ती कातडी आणि मांस सोलण्याची. पेरे जात नाही. इंग्लंडमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने फळी सरकवण्याच्या रंधा-यंत्रांवर गोल ब्लॉक सक्तीचा केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांतही हीच अट घालण्यात आली. पण घरामागच्या शेडमध्ये तपासनीस येत नाही, आणि जुने चौकोनी ब्लॉक भंगारातून घरांत जात राहतात.

दुसरे कारण बलाचे. ब्लॉक मिनिटाला ४,००० फेरे फिरतो. पात्याची धार तेव्हा ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने जात असते. १५० ग्रॅम वजनाचे पाते केंद्रापासून ४५ मि.मी.वर धरून ठेवायला किती बल लागेल? विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. सुमारे १,२०० न्यूटन येईल. दीडशे ग्रॅमचे पाते सव्वाशे किलोच्या वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते, आणि चौकोनी ब्लॉकमध्ये त्याला अडवतात ते फक्त बोल्ट. गोल ब्लॉकमध्ये पाते खाचेत पाचरीने धरलेले असते. खाच तोंडाशी अरुंद असते, त्यामुळे पाचर बाहेर जाऊ पाहील तितकी घट्ट होते.

फिटर त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी ते गोल ब्लॉकची मापे लिहूनच आले. तयार ब्लॉक बाजारात मिळतात; हे काम घरी करू नये. दोन्ही पाती आम्ही सोनाराच्या काट्यावर तोलून घेतली. एका ग्रॅमचा फरक असता तर तेवढ्यानेही, या वेगाला, जवळजवळ एक किलोचा हिसका सेकंदाला ६७ वेळा बसला असता. चौकोनी ठोकळा आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. चौरसाचा कर्ण शिकवायला बरा पडतो.

नव्या ब्लॉकचा शाफ्ट नवा, म्हणून बेअरिंगही नवी हवीत. आजच्या यंत्रांत छर्रे असलेली बॉल बेअरिंग असतात. जुन्यांत एका मऊ मिश्रधातूचे अस्तर असते, ज्याला कारखान्यांत व्हाइट मेटल म्हणतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकनाने १८३९ मध्ये याचे पेटंट घेतले. चांगल्या प्रतीच्या धातूत सुमारे ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबे. बॉल बेअरिंग बसवायची तर सांगाडा मोठ्या यंत्रावर कोरावा लागला असता. व्हाइट मेटल जागेवरच ओतता येते. शाफ्टला दिव्याची काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, तो बरोबर मधोमध टेकवायचा, सगळे तापवायचे आणि रस एका दमात ओतायचा. हे काम फिटरांनी केले, आम्ही लांब उभे होतो. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. शाळेत हे करून दाखवू नये.

मऊ धातूवर पोलादी शाफ्ट ४,००० फेऱ्यांनी फिरतो आणि तरी झिजत कसा नाही? याचे उत्तर एका चुकीतून मिळाले. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हा अभियंता इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. यंत्र सुरू केले तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले. बूच बाहेर फेकले गेले. मग त्याने तिथे दाबमापक लावला, तर तो दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर गेला. फिरता शाफ्ट आपल्याबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे दाब निर्माण होतो आणि शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. धातू धातूला लागतच नाही. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. तेलाचे भोक जिथे भार पडतो तिथे नसावे, आणि शाफ्टभोवती तेलाला जागा असावी: आमच्या ३२ मि.मी. शाफ्टला केसाच्या जाडीच्या निम्मी. ही जागा राखण्यासाठी टोपी आणि बूड यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या घालतात. पुढे बेअरिंग झिजले की एक चकती काढायची.

ब्लॉकवरची जुनी पुली सपाट पट्ट्याची होती, ती ठेवली. या पुलीला मध्ये पोट असते. कड नसूनही पट्टा तिच्यावरून उतरत नाही, उलट चढून मधोमध येतो. पट्टा बाजूला सरकला की पोटाकडची त्याची कड मोठ्या व्यासावर बसते, पट्टा किंचित तिरपा होतो आणि पुढचा येणारा भाग मोठ्या व्यासाच्या दिशेनेच पुलीवर टेकतो. दोन रिळांना मध्यावर चिकटपट्टीचे वेढे देऊन, सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी त्यांवर चढवून फिरवा. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण चुकतात.

मोटार २ अश्वशक्तीची, एकफेजी, मिनिटाला १,४४० फेऱ्यांची. तिच्यावर ७ इंचांची पुली, ब्लॉकवर अडीच इंचांची. भागाकार करा, वेग मिळेल. स्टार्टर मात्र साधे बटण असून चालत नाही. वीज गेली, आपण फळी टेबलावर ठेवून बाहेर आलो, आणि अर्ध्या तासाने वीज आली तर? यासाठी आत एक विद्युतचुंबक असलेला स्टार्टर मिळतो. वीज गेली की चुंबक सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पात्यांवर स्वतःहून परत येणारे झाकण बसवले, सांगाड्याला अर्थिंग केले.

पहिल्या दिवशी मोकळा ब्लॉक एक तास फिरवून बेअरिंगला हात लावून पाहिला. कोमट होते, चटका बसत नव्हता. मग मिस्त्रींना बोलावले. त्यांनी सागाच्या दोन फळ्या निवडल्या, दोन्हींच्या कडा रंधल्या, आणि आमच्या फीलर गेजकडे न बघता एक फळी दुसरीवर कडेशी कड लावून उभी धरली, दाराकडे, उजेडासमोर. चूक असेल तर अशी दुप्पट दिसते. पट्टी उलटवण्याचीच ही रीत, त्यांना ती वखारीत शिकायला मिळाली होती. दोन कडांच्या मधोमध प्रकाशाची एक बारीक रेघ दिसली, टोकांना नाही.

“पलीकडचं टेबल खाली आहे थोडं, शेवटाकडून,” त्यांनी दोन्ही फळ्या खाली ठेवल्या. “पत्र्याची चकती आहे का एखादी, पातळ?”